डेझ क्विलिगन यांचे नियोजित चिरंजीव

ट्राम चालवणाऱ्या टॅम्झिनची उंची एवढी होती, की गादीच्या दुकानातला माणूस तिला भाव सांगताना आढ्याकडे बघून बोलायचा.

*

वॉम्बॅट क्लबचा धडधाकट कर्णधार करंगळीच्या नखामुळे उरलेल्या हंगामाला मुकला. नख कोणत्या पायाचं, हे वैद्यकीय गोपनीयतेच्या कारणास्तव जाहीर करण्यात आलं नाही.

*

जो एका क्लबसाठी शंभर सामने खेळला, त्याच्या मुलावर पहिला हक्क त्या क्लबचा. तो मुलगा जन्मलेला असावा, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही.

*

पर्थमध्ये जानेवारीत सीटबेल्टची कडी हाताला चटका देते.

*

बेंडिगोजवळच्या एका गावात सतरा वर्षांचा एक पोरगा चेंडू असा झेलायचा, की समोरचा संघही खेळ थांबवून बघत राहायचा. त्याचं आडनाव अजून कुणाला नीट उच्चारता येत नव्हतं, पण सहा क्लबांनी त्याच्यासाठी हरायला सुरुवात केली होती.

*

या सगळ्या गोष्टी एकाच धाग्यात ओवता येतात, असं अख्ख्या मेलबर्नमध्ये फक्त एका माणसाला वाटत होतं. गॅव्हिन थ्रेडगोल्ड. चेंडू हातानेही झेलतात त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या पेलिकन क्लबचा यादी व्यवस्थापक. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणता द्यायचा, कोणता घ्यायचा हे तो ठरवत असे. त्याच्या खोलीत एक पांढरा फळा होता, फळ्यावर लोहचुंबकाच्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीवर एका माणसाचं नाव. चकती हलली की तिकडे एखादं कुटुंब घर बदलायचं.

पेलिकन क्लब तेव्हा पुनर्बांधणीच्या टप्प्यात होता. पुनर्बांधणी म्हणजे हरणं. पण हरायला काय, कुणीही हरतो; पुनर्बांधणीला माणसं नेमावी लागतात. नवी पोरं निवडण्याचा जो सोहळा वर्षाअखेर होतो, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, त्यात पहिली निवड मिळते ती तळाला आलेल्या क्लबला. त्यामुळे तळ गाठण्यासाठी पेलिकनने एक उपप्रमुख, दोन विश्लेषक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ अशी भक्कम फळी उभी केली होती. तिच्यापुढे क्लबचा बचाव अगदीच तकलादू होता, आणि तसा तो असावा हेच तिचं काम होतं.

त्या बचावात अडथळा एकच होता. डेझ क्विलिगन.

डेझ एकतीस वर्षांचा. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याला गोल करू न देणं, हा त्याचा धंदा. दिसायला ओबडधोबड, दोन्ही कान चुरगळलेले. स्वतः त्याने आयुष्यात एकही गोल केलेला नव्हता. खेळलेले सामने नव्याण्णव. पेलिकनच्या कपडे बदलायच्या खोलीत शंभर सामने खेळलेल्याचं नाव त्याच्या कपाटाच्या दारावर सोनेरी रंगात लिहितात. अडतीस नंबरच्या कपाटावर चार नावं होती आणि पाचव्यापुरती जागा. ती जागा डेझ नऊ वर्षं बघत होता. एक सामना खेळायचा, नाव लागलं की बूट टांगायचे, एवढीच त्याची मागणी होती. पण तो खेळला की संघ कमी फरकाने हरायचा आणि एकदा तर जिंकलाच. तेव्हापासून त्याला राखीव संघात टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये थ्रेडगोल्डने त्याला बोलावलं.

"बस, डेझ. कसा आहेस गड्या?"

"राखीव संघात आहे."

"ते माहितीये, मीच टाकलंय तुला. आनंदाची बातमी आहे. शेवटच्या सामन्यात तू खेळतोयस."

डेझने खुर्चीचा हात धरला. "शंभरावा?"

"शंभरावा."

"कोचना पटलं?"

"कोचला सांगायचंय अजून. आधी मला एक सांग, तुला मुलगा आहे?"

"नाही."

"लग्न?"

"टॅम्झिनशी बोलणं चाललंय. म्हणजे मी बोलतो, ती हसते."

"वा! म्हणजे पाटी अगदी कोरी." थ्रेडगोल्ड उठला, खणातून एक नवी चकती काढली, तिच्यावर 'नि. चि. क्विलिगन' असं लिहिलं आणि फळ्यावर पुढच्या काळाच्या रकान्यात चिकटवली. "नियोजित चिरंजीव. तू शंभरावा सामना खेळलास की हा आमचा."

"गॅव्हिन, जो नाहीच त्याच्यावर हक्क सांगून काय करणार?"

"हा बचावपटूचा विचार झाला. जरा लांबचं बघ. आजवर त्याला एक तरी दुखापत झालीय? गुडघे कोरे करकरीत. दारू नाही, सट्टा नाही, पहाटे नाक्यावर कुणी त्याला मारामारी करताना पाहिलं नाही. माझ्या अख्ख्या फळ्यावर एवढा स्वच्छ माणूस दुसरा नाही."

डेझला हे पटलं नाही. पण शंभरावा सामना मिळत होता. त्याने चकतीकडे पाहिलं, कपाटाचं दार आठवलं आणि तो म्हणाला, "चालेल."

*

फळ्यावर आलेली वस्तू फळ्यावर राहत नाही. आठवड्याच्या आत पर्थच्या क्वोक्का क्लबचा फोन आला. अदलाबदलीचा पंधरवडा ऑक्टोबरात असतो. त्याआधी बोलणी करायला मनाई असते, म्हणून ती बोलणी ऑगस्टमध्ये कॉफी पिता पिता होतात. मुलावरचा हक्क दुसऱ्या क्लबला देता येतो की नाही, याबाबत नियम गप्प होता. नियम गप्प असला की थ्रेडगोल्ड त्याची संमती गृहीत धरत असे.

क्वोक्का क्लब नियोजित चिरंजीवांच्या बदल्यात या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड द्यायला तयार होता. त्यांना एकच धास्ती होती: घरची ओढ. मेलबर्नचा पोरगा पर्थला नेला की दोन वर्षांत त्याला आई आठवते, आणि तो कवडीमोलाने परत येतो. यावर त्यांच्या तज्ज्ञांनी तोडगा काढला. मुलगा पर्थमध्येच जन्मावा. म्हणजे त्याला ओढ लागलीच, तर ती पर्थची लागेल.

हे सांगायला थ्रेडगोल्ड रविवारी दुपारी डेझच्या घरी जेवायला आला. सोबत लाल वाईनची बाटली आणि खिशात मोजपट्टी.

टॅम्झिन शेगडीवर मटणाच्या चापा परतत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "हा माझ्या खांद्यामागे काय करतोय?"

"हातांचा विस्तार फक्त," थ्रेडगोल्ड म्हणाला. "मातृपक्षाचा."

"मातृपक्षाच्या हातात गरम चिमटा आहे. खाली बस."

तो बसला. त्याने योजना मांडली.  ट्रामसमोर मोटार आडवी घालणाऱ्याकडे टॅम्झिन जशी बघते, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "ज्या माणसाला मी अजून हो म्हटलेलं नाही, त्याच्यापासून मला मुलगा व्हावा, तो पर्थमध्ये व्हावा, आणि तो या वर्षीच्या दुसऱ्या फेरीच्या भावात जावा."

"दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला," थ्रेडगोल्डने दुरुस्ती केली.

"आणि मुलगी झाली तर?"

"ती जोखीम क्वोक्कांनी उचललीय. त्यासाठी आम्हाला सौद्यात वर सुऱ्या टाकाव्या लागल्या."

टीव्हीवर मिक्सर विकतात तेव्हा 'आत्ताच फोन करा आणि सुऱ्यांचा संच फुकट मिळवा' असं ओरडतात ना, त्या सुऱ्या. मोठ्या सौद्यात किरकोळ खेळाडू वर टाकला, की त्याला इथे हेच नाव पडतं.

"सुऱ्या म्हणून कोण चाललंय?" डेझने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

थ्रेडगोल्डने वाईनचा घोट घेतला. "तूच की."

टॅम्झिन त्या दुपारी पहिल्यांदाच हसली. "पोरगा घ्या, बाप फुकट. डेझ, चाप घे आणखी. पर्थपर्यंत पुरायला हवं."

*

सौदा गुप्त होता, त्यामुळे बुधवारी वर्तमानपत्रात आला. तिथल्या ड्राफ्ट-पंडिताने पुढच्या वीस वर्षांच्या होतकरू खेळाडूंची अंदाजयादी छापली होती. त्यात नियोजित चिरंजीव चौदावे होते. शेरा: 'उंची आजमितीस अज्ञात, परंतु आईकडून मिळण्यासारखी. चेंडूवरची पकड पाहण्यात आली नाही. वृत्तीबाबत चिंता.'

दुपारी रेडिओवर श्रोत्यांचे फोन सुरू झाले. डेझ गाडीत होता.

"मी वेरिबीहून बोलतोय. चौदावा? अहो, या पोराने अजून केलंय काय?"

"बरोबर आहे."

"सगळं आयतं मिळतंय त्याला. बापाच्या नावावर."

"आणि डावा पाय?"

"डाव्या पायाचं तर नावच काढू नका."

डेझने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. तो लागला. "डेझ क्विलिगन बोलतोय. अहो, तो अजून जन्मलेला नाही."

"हीच ती सबब, श्रोतेहो," निवेदक म्हणाला. "आमच्या वेळची पोरं वेळेवर यायची."

घरी आल्यावर डेझ वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. टॅम्झिन कामावरून येऊन बूट काढत होती.

"तेरावा कोण आहे माहितीये? जिलाँगच्या एका टॅक्सीवाल्याचा पोरगा. वय वर्षं तीन. त्याचे गुडघे एकमेकांवर आपटतात, स्पष्ट दिसतंय फोटोत."

"डेझ."

"मातृपक्षाकडून एवढी उंची असताना चौदावा? माझा पोरगा?"

"डेझ, तुझा पोरगा नाहीये."

"असं बोलू नकोस. त्याच्या आत्मविश्वासावर परिणाम होतो."

 टॅम्झिनने दुसरा बूटही काढला आणि तो त्याच्या दिशेने फेकला. बूट लागला तेव्हा डेझ भानावर आला. पण पूर्णपणे आला, असं म्हणता येणार नाही. त्या शनिवारी तो एका दुकानाबाहेर थांबून छोट्या बुटांना लोखंडी खिळे असतात की प्लास्टिकचे, ते बघत होता.

*

अडचण पुढेच होती, आणि ती क्लबच्याच दोन खात्यांमध्ये होती.

शेवटचा सामना वॉम्बॅटविरुद्ध. दोन्ही क्लब तळाशी, दोघांचे विजय सारखे. जो हरेल तो सगळ्यांच्या खाली जाणार आणि बेंडिगोचा पोरगा घेणार. बरोबरी झाली तरी सरासरीच्या हिशोबाने पेलिकनच खाली. म्हणजे पुढच्या वर्षीच्या भल्यासाठी पेलिकनने जिंकता कामा नये, आणि पुढच्या वीस वर्षांच्या भल्यासाठी डेझने खेळलं पाहिजे. डेझ खेळला तर बचाव करणार. बचाव केला तर चुकून जिंकण्याची भीती.

कोच बॅरी लोमॅक्स हा जुन्या वळणाचा माणूस. हरायची सूचना ऐकताना तो खिडकीबाहेर बघत असे, म्हणजे नंतर शपथेवर 'मी काही पाहिलं नाही' म्हणता येईल.

"याला पुढे खेळवू," थ्रेडगोल्डच्या खोलीत, डेझदेखत, खिडकीला उद्देशून तो म्हणाला. "गोलच्या समोर. नव्याण्णव सामन्यांत एक गोल नाही. इतका भरवशाचा माणूस दुसरा मिळायचा नाही."

थ्रेडगोल्डने चकती मागून उचलून पुढे लावली. प्रश्न मिटला.

"कोच," डेझ म्हणाला, "शंभरावा आहे माझा. मला माझ्या जागेवर खेळू द्या. एकदाच."

लोमॅक्स वळला. त्याचा चेहरा क्षणभर माणसासारखा झाला. "डेझ, लेका, माझ्या हातात असतं तर..." मग तो पुन्हा खिडकीकडे वळला. त्याच्या हातात होतं, पण करार संपत आला होता.

*

सामना सुरू झाला, आणि पहिल्याच मिनिटाला मैदानावर असा काही सभ्यपणा पसरला की पंच घाबरला.

वॉम्बॅटचा एकजण चेंडू घेऊन धावला, तर पेलिकनच्या दोघांनी त्याला वाट करून दिली. त्याने ती नाकारली आणि चेंडू पेलिकनच्याच माणसाच्या हातात ठेवला. त्याने तो घाईघाईने परत केला. लग्नात पाकीट परत करावं, तशी 'नको, नको', 'अहो घ्या', 'आमचं झालंय' अशी झटापट भर मैदानात चालली होती. दोन्ही संघांचे नेमबाज मोकळ्या गोलसमोरून लोकांत चेंडू मारत होते. कुणाचा चुकून खांबांमध्ये गेला, तर त्याला ताबडतोब बाहेर बसवून त्याच्या मांडीला बर्फ लावत.

डेझच्या अंगावर वॉम्बॅटचा एक आडदांड बचावपटू होता, नाव ब्रॉडी.

"ये, ये, आत ये," ब्रॉडी बाजूला सरकत म्हणाला. "वारा पाठीमागे घे. हां, तिथे उभा राहा. बरं पडतंय ना?"

"तू मला अडवायला हवंस."

"तुझा शंभरावा ना? मी कशाला अडवू? आणि पोरगा कसा आहे?"

"बरा आहे," डेझ म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

चौथ्या सत्राच्या शेवटी गुण सारखे होते. भोंगा वाजायला काही क्षण उरले असताना एक चेंडू वाट चुकून डेझच्या दिशेने आला. ब्रॉडीने संधी ओळखली. त्याने डेझला मागून घट्ट मिठी मारली, खाली पाडलं, आणि पंचाने शिट्टी मारण्याआधीच स्वतःचा हात वर केला. "माझी चूक! ढळढळीत!"

फ्री किक. गोलच्या अगदी समोर, लहान पोरानेही मारावी अशा अंतरावर. भोंगा वाजला. आता मैदानावर घडण्यासारखं फक्त हेच उरलं होतं: डेझची लाथ. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. दोन्हींत विजय. पेलिकनला वाचवायचं तर चेंडू चारही खांबांच्या बाहेर जायला हवा होता.

गुलाबी शर्टातला निरोप्या बाकाकडून धावत आला. इथे बाकाचं म्हणणं मैदानात पोचवायला असा एक धावणारा माणूस असतो. तो धापा टाकत होता.

"गॅव्हिन म्हणतोय, कुठेही मार, खांबांमध्ये नको."

"कोच काय म्हणतात?"

"कोच खिडकी शोधतोय. आणि गॅव्हिन म्हणतोय, पोराचा विचार कर."

वॉम्बॅटचे सगळे खेळाडू टाळ्या वाजवून डेझला धीर देत होते. त्याच्या स्वतःच्या संघाने पाठ फिरवली होती. निळ्या-पांढऱ्या स्कार्फांची गॅलरी, त्याची स्वतःची गॅलरी, एका सुरात ओरडत होती: "चुकव! चुकव!" फक्त कुंपणाशी सगळ्यांहून एक डोकं उंच उभी असलेली टॅम्झिन काहीच ओरडत नव्हती. ती चिप्स खात होती, आणि आता तिने चिप्स खायच्या थांबवल्या.

डेझने चेंडू हातात फिरवला. नऊ वर्षं तो दुसऱ्यांचे असे चेंडू हवेतच हाणून पाडत आला होता. सरळ उडणारा चेंडू मागून कसा दिसतो, हे त्याला माहीतच नव्हतं. तो धावला.

चेंडू सरळ उडताना मागून फार छान दिसतो.

*

त्याला खांद्यावर उचलून नेलं ते वॉम्बॅटच्या खेळाडूंनी. ब्रॉडीच्या डोळ्यांत पाणी होतं. बेंडिगोचा पोरगा त्यांना मिळाला होता. पेलिकनचे खेळाडू एकेक करून मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्यात शिरले. गॅलरीने हुर्यो उडवली, मग शिव्या दिल्या, मग वाईट वाटून घेतलं.

थ्रेडगोल्ड सीमारेषेवर फोन कानाला लावून उभा होता. डेझला खाली उतरवल्यावर तो जवळ आला.

"क्वोक्कांनी अंग काढून घेतलं."

"का? शंभर तर झाले."

"म्हणाले, दोष रक्तातच दिसतो. पोरगा बापावर गेला, तर ऐन वेळी जिंकून बसेल." त्याने कपाळ चोळलं. "कपाटावर नाव लागेल तुझं, नियम आहे. सोमवारी पेंटर येईल. पण अक्षर बारीक काढायला सांगितलंय मी."

"आणि चकती?"

"काढून टाकली. त्या पोराचं काही भविष्य नाही आता."

डेझ कुंपणाकडे वळला. टॅम्झिन गर्दीतून वाट काढत येत होती, पण तिच्याआधी तिथे एनिड पोचली. पंचाहत्तरीची, पेलिकनची जन्माची सभासद, दर सामन्याला पुढच्या रांगेत थर्मास घेऊन बसणारी. तिने कुंपणावरून हात घालून डेझचा चुरगळलेला कान धरला.

"हे काय केलंस रे, बाळा?"

"गोल केला, एनिड."

"ते दिसलं मला. मोतीबिंदू काढून घेतलाय मी. का केलास?"

"जिंकलो ना आपण."

"जिंकायला काय, कधीही जिंकता येतं! पुढच्या वर्षीचं सगळं ठरलं होतं आमचं."

"आणि गेल्या वर्षी काय ठरलं होतं?"

एनिडने कान सोडला आणि थोडा विचार केला. "हेच."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"उगाच तोंड चालवू नकोस." तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, स्कार्फ गळ्याभोवती आवळला. मैदानाच्या दाराशी पुढच्या हंगामाच्या सभासदत्वासाठी रांग लागली होती. रांगेतला प्रत्येकजण पुढच्याला सांगत होता, की या क्लबचं काही खरं नाही. एनिड जाऊन त्या रांगेत उभी राहिली.

या सामन्याची सगळी तिकिटं गुरुवारीच संपली होती.